भिंतीवरचं स्थळपुराण : ड्रॉहेडाची चित्रं वाचायची कशी

डब्लिनपासून उत्तरेला साधारण पन्नास किलोमीटरवर, बॉईन नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे, ड्रॉहेडा हे गाव आहे. गाव म्हणायचं ते आयरिश हिशोबाने. २०२२च्या जनगणनेत इथे ४४ हजारांवर माणसं भरली आणि शहराचा दर्जा नसलेल्या तिथल्या गावांत हे सगळ्यात मोठं ठरलं. इंग्रजी स्पेलिंगात बरीच अक्षरं खर्ची पडली असली तरी स्थानिक माणूस हे नाव दोन अक्षरांत उरकतो : ‘ड्रॉ-डा’. इंग्रजीत ‘ड्रॉ’ म्हणजे चित्र काढणं. आयता चालून आलेला हा श्लेष गावातल्या ड्रॉहिड आर्ट्स सेंटरने सोडला नाही. या दशकाच्या सुरुवातीला तिथे भिंती रंगवण्याचा जो उपक्रम सुरू झाला, त्याचं नावच ‘ड्रॉडा’. इमारतींच्या भिंतींवर मोठाली भित्तिचित्रं, आणि ती एकामागून एक पायी बघत जायची वाट. विषय बॉईन खोऱ्यातल्या आयरिश पुराणांचा.

बघायला तिकीट लागत नाही. कळायला मात्र कथा ठाऊक असावी लागते, आणि आयरिश कथा म्हणजे नावांचा जंगी गुंता. एकाच देवाची तीन नावं, त्यांची स्पेलिंगं एक आणि उच्चार भलतेच, आणि प्रत्येक हस्तलिखितात कोण कुणाचा मुलगा याबद्दल वेगळं मत. म्हणून कुठलं चित्र कुठल्या गल्लीत याची यादी देण्याऐवजी त्या भिंतींमागचं पुराण सांगतो. एकदा ते ओळखीचं झालं की चित्रं आपोआप वाचता येतात.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करायला हवी. ग्रीक देव ऑलिंपस पर्वतावर राहतात, तिथून खाली उतरतात. आयरिश देव जमिनीतच राहतात. अमुक टेकडी, तमुक डोह, नदीचा हा फाटा, असा प्रत्येकाचा पत्ता असतो. मध्ययुगीन आयरिश साहित्यात ‘दिनशेनखस’ नावाचा अख्खा प्रकारच आहे. ‘दिन’ म्हणजे लक्षात राहणारी जागा, ‘शेनखस’ म्हणजे जुनी परंपरागत माहिती. या डोंगराला हे नाव का, या उताराला ते नाव का, तर इथे असं असं घडलं म्हणून. गद्यात आणि पद्यात अशा शेकडो कथा. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची फारशी गरज नाही. आपण याला स्थळपुराण म्हणतो, क्षेत्रमाहात्म्य म्हणतो. कवीला राज्यातल्या जागांच्या कथा तोंडपाठ असणं हा तिथे शिक्षणाचा भाग होता.

त्यामुळे पुराणकथा पुस्तकातून काढून रस्त्यावर आणल्या, हे या वाटेचं नेहमी होणारं कौतुक मला थोडं उलटं वाटतं. त्या होत्याच रस्त्यावरच्या. पुस्तकात त्या नंतर गेल्या.

नदीची बाई

गावाचं आयरिश नाव ‘ड्रॉहिड आहा’, म्हणजे नदी पायी ओलांडायच्या उताराजवळचा पूल. म्हणजे गावाच्या नावात नदी आहे, आणि नदीच्या नावात देवी. बॉईन म्हणजे बोअन.

तिची गोष्ट अशी. नेखतान नावाच्या दैवी पुरुषाच्या ताब्यात एक विहीर होती, शेगसची विहीर. तिच्या काठावर हेझल या कवचफळाची नऊ झाडं. त्यांची फळं पाण्यात पडत आणि त्या फळांत जगातलं सारं ज्ञान असे. विहिरीपाशी जायची परवानगी फक्त नेखतान आणि त्याचे तीन प्यालेवाहक यांना; दुसरं कुणी डोकावलं तर त्याचे डोळे फुटत. बोअन ही नेखतानची बायको. ती एके दिवशी तिथे गेली आणि विहिरीभोवती तीन फेऱ्या मारल्या, त्याही उलट्या. पाणी खवळून वर आलं. तीन लाटा तिच्यावर आदळल्या : एकीने मांडी नेली, एकीने हात, एकीने डोळा. ती समुद्राच्या दिशेने पळत सुटली, पाणी तिच्या मागे. समुद्राशी पोचली तेव्हा पाण्याने तिला गाठलं. ती बुडाली आणि तिच्या पळण्याची वाट म्हणजे ही नदी. आजही किल्डेअर परगण्यात कारबरीजवळच्या एका झऱ्यातून बॉईन निघते आणि ११२ किलोमीटर वाहून ड्रॉहेडाच्या पुढे समुद्राला मिळते.

‘उलट्या फेऱ्या’ या तपशिलापाशी मराठी माणसाने थांबायला हवं. आयरिश भाषेत ‘देस’ म्हणजे उजवा, आणि ‘देस’ म्हणजेच दक्षिण. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजवा हात दक्षिणेकडे येतो, त्याचा हा परिणाम. संस्कृतात ‘दक्षिण’ शब्दाचे नेमके हेच दोन अर्थ आहेत, आणि हा योगायोग नाही : ‘देस’ आणि ‘दक्षिण’ हे एकाच इंडो-युरोपीय मुळातून फुटलेले शब्द आहेत. देवाला उजव्या हाताशी ठेवून फिरायचं ती आपली प्रदक्षिणा. सूर्याच्या चालीने, उजवीकडून फिरायचं ते आयरिश ‘देशल’. बोअन फिरली ती ‘तुआहल’, डावीकडून. आपल्या आजीला ही गोष्ट सांगितली असती तर लाटा येण्याआधीच तिने “अगंऽ” म्हटलं असतं.

नावातही एक नातं आहे. दुसऱ्या शतकात टॉलेमी या ग्रीक भूगोलतज्ज्ञाने आयर्लंडच्या नद्यांची नावं नोंदवली, त्यात ही ‘बुविंदा’ म्हणून येते. ‘बो’ म्हणजे गाय. आपल्या ‘गो’चं सख्खं भावंड. ‘विंद’ म्हणजे पांढरा, गोरा. शुभ्र गाय असा अर्थ. इथे कुणाच्याही ओठांवर ‘गोविंद’ येईल, आणि इंटरनेटवर तो आलेलाही दिसतो. जरा सबुरीने घ्यावं. गायीपुरतं नातं पक्कं आहे, पण संस्कृतातला ‘विंद’ मिळवणं-शोधणं या अर्थाच्या धातूतून येतो, केल्टिक ‘विंद’ रंगाचा आहे. सारखं दिसणारं सगळं सारखं नसतं. आयरिश देवगणाचं नाव ‘तुआहा डे दानन’, म्हणजे दानू देवीची माणसं, असं वाचून आपले दानव आयर्लंडला नेऊन बसवणाऱ्यांनाही हेच सांगायचंय.

बोअनचं चित्र बघताना मग प्रश्न पडतो : ही कथा शिक्षेची की निर्मितीची? मध्ययुगीन लेखकांचा कल उघडच शिक्षेकडे आहे; एका पाठात तर तिने परपुरुषाशी ठेवलेला संबंध झाकायला ती विहिरीवर गेली असंही जोडलंय. पण कोंडून ठेवलेलं ज्ञानाचं पाणी फोडून ते सगळ्या खोऱ्यात वाहतं करणारी ही पहिली व्यक्ती, असं वाचणारेही आज बरेच आहेत, आणि मला ते वाचन जास्त पटतं. नियम कुणाच्या सोयीचा होता हे त्या कथेतच लिहिलेलं आहे.

एका दिवसाची मागणी

तो परपुरुष म्हणजे दाग्दा. देवगणाचा म्होरक्या, अवाढव्य, खादाड, विनोदी आणि भयंकर, सगळं एकदम. त्याच्याकडे कधीही रिकामी न होणारी कढई आहे (द्रौपदीची थाळी आठवली असेल तर आठवू द्या), आणि एक सोटा, ज्याच्या एका टोकाने माणसं मरतात आणि दुसऱ्या टोकाने जिवंत होतात. चित्रात आडदांड बाप्या, कढई, सोटा यांतलं काही दिसलं तर दाग्दाचा संशय घ्यायला हरकत नाही.

दाग्दाला बोअन हवी होती. या कथेत बोअनचा नवरा एल्कमार; म्हटलं ना, नावं बदलत राहतात. दाग्दाने एल्कमारला कामगिरीवर धाडलं आणि जादू अशी केली की त्याला भूक-तहान, अंधार काही जाणवू नये. नऊ महिने गेले ते एल्कमारला एकच दिवस वाटले. त्या ‘एका दिवसात’ बोअनला मुलगा झाला : एंगस.

एंगस वाढला आणि त्याला घर हवं झालं. बॉईनच्या काठावर ‘ब्रू’ हा मोठा महाल होता, एल्कमारचा. बापाच्या सल्ल्याने एंगसने त्याच्याकडे मागणी केली : मला इथलं राज्य दिवस आणि रात्र दे. एवढंच? दिलं. दुसऱ्या दिवशी एल्कमार परत मागायला आला तर एंगस म्हणाला, मी ‘दिवस आणि रात्र’ मागितली होती, आणि जग सगळं दिवस आणि रात्र यांचंच तर बनलंय.

इंग्रजीत हा डाव फसतो. तिथे ‘एक दिवस’ म्हणायला वेगळा शब्द जोडावा लागतो, त्यामुळे अनुवादकांना तळटीप द्यावी लागते. जुन्या आयरिशमध्ये तसा शब्द नाही, आणि मराठीतही नाही. “मला दिवस-रात्र इथे राहू द्या” याचा अर्थ चोवीस तास की कायमचं, हे बोलणाऱ्याच्या मनात काय आहे त्यावर. ही चलाखी मराठीत जशीच्या तशी उतरते. घरजावयाच्या एखाद्या कथेत खपून जाईल.

तो ‘ब्रू’ महाल खरोखर आहे. ड्रॉहेडापासून नदीच्या काठाने पश्चिमेला गेलं की काही किलोमीटरवर न्यूग्रेंजचा टेकाडासारखा गोल ढिगारा लागतो. सुमारे ८५ मीटर व्यासाचा, इसवी सनापूर्वी साधारण ३२०० मध्ये बांधलेला. गिझाच्या पिरॅमिडांच्या आधीचा. आत १९ मीटर लांबीचा दगडी बोळ आणि शेवटी गाभारा. दाराच्या वर एक झरोका आहे. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसांच्या आसपास, २१ डिसेंबरच्या आगेमागे, उगवत्या सूर्याचा किरण त्या झरोक्यातून आत शिरतो, बोळभर सरकत गाभाऱ्यात जातो आणि साधारण सतरा मिनिटं थांबतो. उत्खनन करणारे पुरातत्त्वज्ञ मायकल ओ’केली १९६७ च्या २१ डिसेंबरला पहाटे एकटेच आत जाऊन बसले आणि त्यांनी ते पाहिलं. सूर्य आत येतो असं स्थानिक लोक त्याआधीही सांगत होतेच.

आता जोडून पाहा : दाग्दाने एल्कमारसाठी जणू सूर्यच थांबवला, आणि त्याच्या मुलाच्या महालात सूर्य वर्षातून एकदा थांबायला येतो. पाच हजार वर्षांची आठवण कथेत टिकून राहिली म्हणायची? मोह होतो. पण ज्यांनी न्यूग्रेंज बांधलं त्यांची भाषा कोणती होती हे कुणालाच ठाऊक नाही, आणि कथा कागदावर आली ती चार हजार वर्षांनी. मधल्या काळात माणसं बदलली, भाषा बदलली. टेकाड बघून नंतरच्या लोकांनी गोष्ट रचली असणंही तितकंच शक्य आहे.

२०२० मध्ये मात्र या वादात एक विलक्षण भर पडली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी न्यूग्रेंजमध्ये पुरलेल्या एका पुरुषाच्या डीएनएचा अभ्यास ‘नेचर’मध्ये छापला. त्याचे आई-वडील सख्खे भाऊबहीण असावेत किंवा पालक आणि अपत्य, असं त्यातून दिसलं. असे संबंध चालवून घेतले जातात ते देवतुल्य मानलेल्या राजघराण्यांत. आणि शेजारच्याच डाउथ या टेकाडाची मध्ययुगीन कथा अशी : राजा आकाशापर्यंत मनोरा बांधायला निघाला, काम संपेपर्यंत त्याच्या बहिणीने सूर्य रोखून धरला, राजाने तिच्याशीच संग केला, जादू मोडली आणि अंधार पडला. डाउथच्या आयरिश नावाचा अर्थच काळोख. अभ्यासकांनी स्वतःच हे साम्य नोंदवलं आहे. सिद्ध काहीच होत नाही. पण अंगावर काटा येतो, हे नाकारायचं कशाला.

माशी, मासा आणि गाणारा कवी

इटेनची गोष्ट थोडक्यात सांगणं अवघड. देवगणातल्या मिडिरची ही सुंदर दुसरी बायको. पहिलीने मत्सरापोटी तिला मंत्राने पाणी केलं. त्या पाण्याची अळी झाली, अळीची तेजस्वी जांभळी माशी. वाऱ्याने सात वर्षं भटकवल्यावर ती एंगसच्या ब्रूमध्ये येऊन पडली. त्याने तिच्यासाठी उन्हाची एक छोटी काचखोली केली आणि जाईल तिथे ती बरोबर नेली. पुन्हा वारा. शेवटी ती एका बाईच्या प्याल्यात पडली, गिळली गेली आणि पहिल्या जन्मानंतर हजारएक वर्षांनी तिच्याच पोटी नव्याने जन्मली. मग राजाची राणी झाली, मिडिर तिला शोधत आला, पटावरच्या खेळात राजाला हरवून एक मिठी जिंकला, आणि मिठीत घेताच दोघं हंस होऊन छपराच्या झरोक्यातून उडून गेली. चित्रकाराच्या दृष्टीने ही घबाडच. एकाच बाईत पाणी, किडा, पंख, राणी, हंस.

फिनची कथा तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ. ज्ञानाची ती हेझलफळं खाऊन खाऊन बॉईनमधला एक सामन मासा सर्वज्ञ झाला होता. फिनेगस नावाचा वयस्कर कवी सात वर्षं त्याच्यावर टपून बसला. सापडल्यावर त्याने तो पोरसवदा शिष्याकडे भाजायला दिला आणि बजावलं, चाखायचा नाही. भाजताना कातडीला फोड आला, पोराने तो अंगठ्याने दाबला, चटका बसला, अंगठा तोंडात गेला. झालं. ज्ञान शिष्याला. मला या गोष्टीत मासा किंवा अंगठा नाही, तो म्हातारा आवडतो : पोराचे डोळे पाहून काय झालं ते त्याने ओळखलं आणि उरलेला अख्खा मासा त्यालाच खाऊ घातला. सात वर्षांची तपश्चर्या गेली, पण त्रागा नाही. पोराचं पुढचं नाव फिन, म्हणजे गोरा; बोअनच्या नावातला ‘विंद’ तो हाच शब्द. (फिनेगसच्या नावातही तोच आहे.)

आणि आमर्गिन. देवांचा हा प्रदेश माणसांनी कसा घेतला, त्या कथेतला कवी. मिलचे मुलगे, म्हणजे आजच्या आयरिश लोकांचे कथेतले पूर्वज, जहाजांनी आले. त्यांचा एक भाऊ कोल्पा बॉईनच्या मुखाशी बुडाला. ते मुख ‘इन्वर कोल्पा’ झालं आणि ड्रॉहेडाच्या पूर्वेला कोल्प हे ठिकाण आजही आहे. आमर्गिनने किनाऱ्यावर पाय ठेवला आणि मी समुद्रावरचा वारा आहे, मी लाट आहे, असं सगळ्या सृष्टीशी एकरूप होत जाणारं गाणं म्हटलं. गीतेचा विभूतियोग वाचलेल्याला त्याची चाल ओळखीची वाटेल. एरिउ नावाच्या देवीने बेटाला आपलं नाव मिळावं असं मागितलं, त्याने कबूल केलं. ‘एरे’, आयर्लंड, ते तिच्यावरून. पुढे देश वाटला गेला : जमिनीचा वरचा अर्धा माणसांना, खालचा देवांना. म्हणून देव टेकाडांत राहतात. मी वर म्हटलं की आयरिश देवांना पत्ता असतो, तो या वाटणीतून आला.

हे लिहिलं कुणी?

गंमत अशी की हे सगळं आपल्यापर्यंत पोचवलं ते ख्रिस्ती मठवासींनी. लोकांनी आपल्या जुन्या देवांची नावं विसरावीत असं ज्यांना वाटायला हवं, त्यांनीच बसून ती उतरवून काढली. ‘लेवर न हिद्रे’, म्हणजे करड्या गाईचं पुस्तक, हे आयरिशमधलं टिकून राहिलेलं फार जुनं हस्तलिखित, साधारण इसवी सन ११०० चं. लेन्स्टरचं पुस्तक बाराव्या शतकातलं. त्यात एका महाकथेच्या शेवटी लेखनिकाने लॅटिनमध्ये शेरा मारलाय की आपण हे उतरवलं खरं, पण यातल्या कित्येक गोष्टींवर आपला विश्वास नाही. काही सैतानी भुलावण, काही कवींची रचना, काही मूर्खांच्या करमणुकीसाठी. विश्वास नसताना शेवटच्या ओळीपर्यंत लिहून काढणाऱ्या त्या माणसाला दाद द्यावी तेवढी थोडी.

ड्रॉहेडाचा यात थेट हात आहे. गावाबाहेर काही किलोमीटरवरच्या मोनास्टरबॉयस मठात फ्लान नावाचे विद्वान होते, मृत्यू १०५६. देवगणातल्या कोणाचा अंत कसा झाला यावर त्यांनी पद्य रचलं. देवांना एकेक करून मारून टाकलं की ते देव उरत नाहीत, पूर्वीचे राजे होतात. मग ख्रिस्ती माणसाला त्यांच्या गोष्टी सांगायला हरकत उरत नाही. मठातल्या पंडितांनी या युक्तीने पुराण वाचवलं आणि त्याच युक्तीने त्यातला देवपणा सौम्य केला. आज भिंतीवर जे दिसतं ते या गाळणीतून आलेलं आहे.

चेहरा कुणाचा?

आपल्याकडे कमरेवर हात आणि पायाखाली वीट एवढं काढलं की पुढे नाव लिहावं लागत नाही. मूर्तीचं शास्त्र आहे, शतकांची सवय आहे. बोअन कशी दिसते? दाग्दाचं नाक कसं? याला उत्तरच नाही. न्यूग्रेंजच्या दगडांवर कोरलेली आहेत ती वेटोळी, नागमोडी रेषा, चौकटी. माणसाचा चेहरा नाही. मध्ययुगीन ग्रंथ कपड्यांचा रंग, केसांच्या वेण्या, चिलखताची बटणं मिटक्या मारत सांगतात, पण ते वर्णन कवीच्या काळच्या श्रीमंत माणसाचं.

म्हणजे चित्रकारासमोर कोरी भिंत अक्षरशः कोरी असते. हे स्वातंत्र्य आहे आणि सापळाही. सापळा असा की हात आपोआप सिनेमातल्या योद्ध्यांकडे, व्हिडिओ गेममधल्या सुंदरींकडे वळतो : उडते केस, चमकते डोळे, खांद्यावर कावळा. अशी भित्तिचित्रं जगात कुठेही खपतात, आणि म्हणूनच ती कुठल्याच गावाची होत नाहीत. चांगलं चित्र ओळखायची माझी फूटपट्टी साधी आहे. त्यात नदी आहे का? हेझल, सामन, बगळा, न्यूग्रेंजचं तिहेरी वेटोळं, खोऱ्यातला तो ओलसर हिरवा असं काही आहे का? ते चित्र उचलून दुसऱ्या देशातल्या भिंतीवर लावलं तर त्याचं काही बिघडेल का? बिघडत असेल तर चित्र जमलं.

रंगवण्याच्या तंत्राबद्दल थोडंसं, कारण तीन मजली चेहरा डोळ्यांत डोळे घालून कसा काढतात हे कुतूहल सगळ्यांनाच असतं. चित्रकार परांचीवर किंवा यंत्राच्या पाळण्यात असतो, भिंतीपासून हातभर अंतरावर. त्याला समोर फक्त एक नाकपुडी दिसते. जुनी पद्धत चौकटी आखण्याची. आता बरेच जण भिंतीवर आधी वेड्यावाकड्या खुणा, अक्षरं, गिचमीड काढतात, तिचा फोटो घेतात, फोनवर त्या फोटोवर आपलं रेखाचित्र बसवतात, आणि ‘हा कान त्या वाकड्या फुलीच्या डावीकडे’ असं बघत रेषा ओढतात. पोरखेळ वाटतो, पण चौकटींपेक्षा अचूक ठरतो कारण दोन खुणा एकसारख्या नसतात. त्याआधीचं काम कंटाळवाणं आणि निर्णायक : घरमालकाची परवानगी, भिंत धुणं, पोपडे खरवडणं, अस्तर देणं. आयर्लंडच्या हवेत ओल हाच खरा शत्रू.

दुसरी बॉईन

उत्तर आयर्लंडची राजधानी बेलफास्ट, तिथल्या भित्तिचित्रांशी या वाटेची तुलना हमखास होते, आणि ती करायलाच हवी. ड्रॉहेडाजवळच्या ओल्डब्रिजला १६९० च्या जुलैमध्ये बॉईनची लढाई झाली. प्रोटेस्टंट राजा विल्यमने कॅथलिक राजा जेम्सला हरवलं. उत्तर आयर्लंडमधल्या राजकीय भित्तिचित्रांची सुरुवात १९०८ मध्ये पूर्व बेलफास्टात झाली असं मानतात, आणि त्या पहिल्या चित्राचा विषय होता बॉईन ओलांडणारा विल्यम. म्हणजे शतकभराहून जास्त काळ भिंतीवर ‘बॉईन’ लिहिलं की तो कुणाच्या तरी अंगावर फेकलेला शब्द होता.

पुराणातली पात्रं यातून सुटली असंही नाही. कूहुलिन हा वीर ड्रॉहेडाच्याच लाउथ परगण्यातला. दंडॉकजवळच्या एका उभ्या शिळेला स्वतःला बांधून घेऊन तो उभ्याने मेला असं सांगतात. ऑलिव्हर शेपर्ड यांचा त्याचा पुतळा १९३५ पासून डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात ब्रिटिशांविरुद्धच्या १९१६ च्या उठावाचं स्मारक म्हणून उभा आहे. बेलफास्टात मात्र त्याच पुतळ्याची प्रतिमा ब्रिटननिष्ठांनीही भिंतीवर चढवली, कारण कथेत तो एकटा उर्वरित आयर्लंडपासून उत्तरेकडच्या अल्स्टर प्रांताचं रक्षण करतो. एकच वीर, एकच पोझ, समोरासमोरच्या दोन बाजूंना.

ड्रॉहेडाच्या भिंतींवर १६९० च्या मागे, राजांच्याही मागे जाऊन पळणाऱ्या बाईची बॉईन येते तेव्हा ती निवड निष्पाप नसते, शहाणी असते. ज्या गावात १६४९ मध्ये इंग्रज सेनानी क्रॉमवेलने कत्तल केली, जिथल्या चर्चमध्ये १६८१ मध्ये फाशी गेलेल्या कॅथलिक आर्चबिशप ऑलिव्हर प्लंकेट यांचं शिर काचेत ठेवलेलं आहे, तिथे रंगवायला रक्ताचा तोटा नव्हता.

वाट कुठूनही धरावी. सोबत दोन-तीन तास आणि पाणी आत न येणारे बूट असले म्हणजे झालं. तेराव्या शतकातला सेंट लॉरेन्स दरवाजा, नदीवरून जाणारा १८५५ चा रेल्वेपूल, हे वाटेत दिसत राहतात. शेवट मिलमाउंटवर करा, असं मी सुचवेन. नदीच्या दक्षिणेला, गावाच्या डोक्यावर हे टेकाड आहे. नॉर्मन लोकांनी त्यावर गढी केली, इंग्रजांनी नेपोलियनच्या धास्तीने गोल बुरूज बांधला, १९२२ च्या यादवीत तो तोफांनी फुटला आणि पुढे दुरुस्त झाला. गावातली परंपरा सांगते की या सगळ्याच्या खाली आमर्गिन पुरलेला आहे. वरून बघितलं तर डावीकडे न्यूग्रेंजच्या दिशेचं खोरं, उजवीकडे कोल्प आणि समुद्र, मध्ये गावाची छपरं. रंगवलेल्या भिंतींपैकी बऱ्याचशा इथून दिसत नाहीत. नदी पूर्ण दिसते, पुलांखालून पूर्वेकडे जाताना.